वाळवंटातील संशयास्पद पिन प्रत्यक्ष जाऊन तपासायची असेल तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण म्हापशाचे, डिसेंबरच्या अखेरीस दोन मित्रांसह जैसलमेरला जाणार आहात. ऑनलाइन नकाशा चाळताना आपल्याला डांबरी रस्त्यापासून सुमारे नऊ किलोमीटर आत, वाळूच्या टेकड्यांमध्ये, ‘प्राचीन विहीर’ अशी एक पिन दिसली. तिला एकच छायाचित्र जोडलेले आहे आणि तेही दुसरीकडचे असावे असा आपल्याला संशय आहे. उपग्रह चित्रात मात्र त्या जागी एक गडद, गोल कडे दिसते. रस्त्यावर गाडी उभी करून, फोनच्या आधारे चालत जाऊन, विहीर आहे की नाही हे पाहून संध्याकाळपर्यंत परतावे असा आपला बेत आहे, आणि तो सुरक्षित आहे का, असे आपण विचारले आहे.

सरळ उत्तर आधी देतो. बेत आपण लिहिला आहे तसाच असेल, तर जाऊ नये. त्यात काही गोष्टी बदलल्या, तर जाण्यासारखे आहे आणि वेळ असता तर मीही आलो असतो. मी व्यवसायाने भूमापक आहे. सध्या फोंड्याला काम करतो आणि एक-चौदाच्या, म्हणजे गोव्यातील जमीन-नोंदीच्या उताऱ्यावरचे क्षेत्र व जागेवरचे कुंपण यांचा मेळ घालण्यात माझे बरेच दिवस जातात. पण त्याआधीचे काही हिवाळे जैसलमेर जिल्ह्यात पवनचक्क्यांच्या जागांची आखणी करण्यात गेले आहेत, त्यामुळे पुढचे सांगणे त्या अनुभवावर आधारलेले आहे. आपण पिनचे नेमके अक्षांश-रेखांश दिलेले नाहीत. ती जागा शहराच्या पूर्वेला आहे की सीमेच्या बाजूला, मोकळ्या वाळूत आहे की खडकाळ माळावर, यावर बरेच काही अवलंबून आहे. जिथे ते अवलंबून आहे तिथे तसे सांगतो.

आपण विचारले आहे ते तिथे पोहोचण्याविषयी, पण खरी अडचण मला वेगळी दिसते. पिन हे कोणीतरी केलेले विधान असते आणि त्यात तीन विधाने एकमेकांत गुंतलेली असतात: अशी वस्तू आहे, ती या जागी आहे, आणि ती प्राचीन विहीरच आहे. आपण त्या बिंदूवर पोहोचलात आणि तिथे नुसती वाळू दिसली, तर यांपैकी कोणते विधान खोटे ठरले? बहुतेक वेळा वस्तू खरी असते आणि जागा चुकलेली असते. त्यामुळे किती अंतरापर्यंत शोधायचे आणि काय सापडले तर विहीर आहे असे मानायचे, हे निघण्यापूर्वी ठरवले नसेल, तर माणूस ‘अजून थोडे पुढे पाहू’ म्हणत भटकत राहतो. वाळवंटात अडकणाऱ्यांची गोष्ट बहुधा याच वाक्यापासून सुरू होते.

म्हणून तपासणीचा मोठा भाग घरी, टेबलावर बसून करावा. सर्वप्रथम पिनचे आकडे उघडून पाहावेत. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर; म्हणून दशांश चिन्हानंतर दोनच आकडे असतील तर ती जागा किलोमीटरभर इकडेतिकडे असू शकते आणि चार आकडे असतील तर सुमारे अकरा मीटरपर्यंतची अचूकता निदान सांगितली तरी गेलेली आहे. सांगितली गेली आहे, असे मी मुद्दाम म्हणतो, कारण अंगठ्याने अंदाजे टेकवलेल्या पिनलाही ॲप सहा-सहा दशांश आकडे चिकटवून देते. दुसरी नेहमीची चूक अंश-मिनिटांची. २६ अंश ३० मिनिटे म्हणजे २६.५० अंश, कोणी तेच २६.३० असे भरले, की जागा सुमारे बावीस किलोमीटर दक्षिणेला सरकते. आपल्या पिनच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला तेवढ्या अंतरावर एखादी ज्ञात विहीर, तलाव किंवा सोडून दिलेले गाव आहे का, हे पाच मिनिटांत तपासता येते आणि अनेकदा रहस्य तिथेच संपते. पिन टाकणाऱ्याने जुन्या टोपोशीटवरून, म्हणजे छापील सर्वेक्षण नकाशावरून आकडे घेतले असतील, तर आणखी एक फरक पडतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या शीट एव्हरेस्ट गोलाभ या पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती प्रतिमानावर आधारलेल्या आहेत, तर फोनमधील जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ हे वेगळे प्रतिमान वापरते. या दोहोंतील तफावत प्रदेशानुसार कमीअधिक असली, तरी साधारण शंभर मीटरच्या घरातली असते. सपाट शेतात ती जाणवत नाही. टेकड्यांच्या रांगांमध्ये मात्र शंभर मीटर म्हणजे टेकडीची दुसरी बाजू.

नावांचाही घोळ असतो. आपल्याकडे देऊळवाडा म्हटले की कोणत्या गावचा, हे विचारावे लागते. तिकडे ढाण्यांच्या, म्हणजे वाळवंटातल्या लहान वस्त्यांच्या, नावांचे तसेच आहे. शिवाय नकाशे तयार करणाऱ्या संगणकीय यंत्रणा कधी कधी गावाऐवजी त्याच नावाच्या मोठ्या प्रशासकीय क्षेत्राचा मध्यबिंदू उचलतात, आणि तो मध्यबिंदू ओसाड रानात पडतो. डिसेंबर २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातील मिल्डुरा या शहराबाबत असे घडले. ॲपलच्या नकाशात ते शहर खऱ्या जागेपासून सुमारे सत्तर किलोमीटर दूर, मरे-सनसेट राष्ट्रीय उद्यानाच्या आत दाखवले गेले, नकाशाच्या भरवशावर निघालेले मोटारचालक तिथे अडकले, आणि त्या उद्यानात पाणी नाही व तापमान ४६ अंशांपर्यंत जाऊ शकते असा जाहीर इशारा पोलिसांना द्यावा लागला. ती माणसे शहर शोधत होती. आपण तर मुळातच संशयास्पद असलेली जागा शोधायला निघाला आहात.

आता त्या गडद कड्याकडे वळू, कारण आपल्या प्रश्नातील सर्वांत बोलका पुरावा तोच आहे. आधी नकाशाच्या मोजपट्टीने त्याचा व्यास मोजावा. पश्चिम राजस्थानातील साध्या विहिरीचे तोंड काही मीटरांचे असते. तिथल्या बेरीचे, म्हणजे वाळूखालच्या खडूसारख्या थराने अडवून धरलेले पाणी काढण्यासाठी खणलेल्या अरुंद कुईचे तोंड तर इतके लहान असते की उपग्रह चित्रात ते दिसण्याची आशाच धरू नये. कडे तीस-चाळीस मीटर रुंद असेल, तर ते विहिरीचे तोंड नव्हे, एवढे घरी बसून सांगता येते. मग काय असू शकेल? काटेरी फांद्यांचे गोल कुंपण, म्हणजे गुरांचा वाडा किंवा ओस पडलेली ढाणी, पावसाचे पाणी अडवण्यासाठी घातलेला मातीचा बांध, किंवा कुंड. कुंडाची शक्यता मला अधिक वाटते. जमिनीत गोल टाके खणून, त्यावर घुमटासारखे झाकण घालून, भोवतालची जमीन बशीप्रमाणे मध्याकडे उतरती करून चोपलेली असते, म्हणजे पावसाचा थेंबन् थेंब टाक्यात उतरतो. या चोपलेल्या भागाला तिकडे आगोर म्हणतात. वरून पाहिले तर ती फिकट तबकडी, कडेने झुडपांचे गडद वळे आणि मधोमध एक ठिपका अशी दिसते. आपल्या चित्रात मध्ये ठिपका आहे का, हे चित्र मोठे करून पाहावे.

सावलीही वाचता येते. आपल्या भागाची उपग्रह चित्रे बहुतेक सकाळी उशिरा, साडेदहाच्या सुमारास घेतलेली असतात. हिवाळ्यातल्या चित्रात तेव्हा सूर्य आग्नेयेच्या बाजूला असतो. खड्डा असेल तर त्याच्या आतली आग्नेयेकडची कड अंधारी दिसते, आणि उंचवटा असेल तर बाहेरची वायव्येकडची बाजू. सगळे वळे चहूबाजूंनी सारखेच गडद असेल, तर ती सावली नसून झुडपे किंवा ओल आहे असे समजावे. गुगल अर्थमध्ये जुन्या तारखांची चित्रे पाहता येतात. पावसाळ्यानंतरचे आणि मे महिन्यातले चित्र शेजारी ठेवले की झुडपे कोणती आणि दगडी बांधकाम कोणते, हे बरेच स्पष्ट होते. सेंटिनेल-२ या उपग्रहाची चित्रे विनामूल्य मिळतात आणि दर काही दिवसांनी नवी येतात. मात्र त्यांचा एक ठिपका जमिनीवरील दहा मीटरांचा असतो, म्हणून त्यांत विहीर शोधू नये, फक्त वाळू सरकली आहे का एवढेच पाहावे.

वरून दिसणाऱ्या आकृत्यांचा मोह मोठा असतो. जैसलमेरजवळील बोहा गावाच्या परिसरात जमिनीवर रेखाटलेले प्रचंड सर्पिल आहे, असा दावा दोन फ्रेंच संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांचाही शोध संगणकावरील उपग्रह चित्रांपासूनच सुरू झाला होता, आणि चित्रांत हेरलेल्या इतर काही ठिकाणच्या रेषा प्रत्यक्ष पाहणीनंतर झाडे लावण्यासाठी काढलेले चर असाव्यात असे त्यांनीच म्हटले होते. वाळवंटात माणसाने काढलेल्या प्रत्येक रेषेचे वय वरून सारखेच दिसते. मागच्या पिढीतला वनखात्याचा चर आणि शतकांपूर्वीचा बांध यांत उपग्रह भेद करत नाही.

एवढे करूनही कोडे सुटले नाही, तर जाण्याचा विचार करावा, आणि तिथे पहिली गाठ अंतराशी पडते. भुसभुशीत वाळूत सामानासह ताशी दोन किलोमीटरहून अधिक वेग धरू नये. टेकड्यांच्या रांगा आडव्या ओलांडायच्या असतील तर तेवढाही मिळत नाही. नऊ किलोमीटर जायला साडेचार तास, यायला साडेचार तास. त्या दिवसांत जैसलमेरला सूर्य सव्वासातच्या पुढे उगवतो आणि सहाच्या आत मावळतो, म्हणजे हाती जेमतेम साडेदहा तास, त्यात शोधायला दीड तास, आणि चुकायला शून्य. म्हणून हा बेत मला मान्य नाही. जवळच्या ढाणीपर्यंत स्थानिक माणसाच्या चारचाकीने किंवा उंटाने जावे आणि शेवटचे दोन-तीन किलोमीटर तेवढे पायी चालावेत. उन्हाळ्यात तर हा विषयच काढू नये. जैसलमेरच्या शेजारच्या फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदले गेले आहे.

ढाणीपर्यंत जाण्याचा दुसरा लाभ असा, की निम्म्या वेळा पुढे जाण्याची गरजच उरत नाही. मात्र विचारण्याची पद्धत महत्त्वाची आहे. ‘त्या बाजूला जुनी विहीर आहे ना?’ असे विचारले, तर पाहुण्याचे मन मोडू नये म्हणून ‘हो’ असे उत्तर येते. त्याऐवजी ‘त्या बाजूला गुरे पाण्याला कुठे नेता?’, ‘तिकडे पूर्वी कोणाची वस्ती होती?’ असे विचारावे आणि नाव त्यांच्याकडून येऊ द्यावे. आपल्या गोव्यातल्या सांगे तालुक्यात कुशावती नदीकाठी उसगाळीमळ येथे जांभ्या दगडावर कोरलेली चित्रे आहेत. ती अभ्यासकांपुढे १९९० च्या दशकात आली, पण गावच्या लोकांना ती आधीपासून माहीत होती. विहिरीच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे, कारण ज्या मुलखात पाणी नाही तिथे पाण्याची जागा कोणी विसरत नाही.

परवानग्यांचे काम निघण्याआधी उरकावे. जैसलमेरच्या पश्चिमेला सीमेलगतच्या पट्ट्यात जाण्यासाठी जिल्हा प्रशासनाची परवानगी लागते, आणि जागा राष्ट्रीय मरू उद्यानात येत असेल तर वनखात्याची. माळढोकाचे ते शेवटच्या काही आश्रयस्थानांपैकी एक आहे. तिथे वाट सोडून फिरणे परवानगी मिळाली तरी टाळावे असे माझे मत आहे. पोखरण आणि चांधन भागात संरक्षण दलांची सरावाची मैदाने आहेत. उपग्रह चित्रात दिसणारी काही वर्तुळे ही तिथली लक्ष्ये असतात, आणि न फुटलेले दारूगोळे वाळूत पडून राहतात. भंगार म्हणून ते उचलणाऱ्यांचे जीव गेले आहेत. आपले कडे अशा मैदानात किंवा त्याच्या कडेला येत असेल, तर बेत तिथेच थांबवावा, यात तडजोड नाही. ड्रोन सीमेच्या बाजूला नेऊ नये. आणखी एक सूचना खास गोवेकरांसाठी: परदेशी मित्राकडून उपग्रहावर चालणारा फोन किंवा संदेशयंत्र उसने घेण्याचा मोह होईल, पण परवान्याविना असे उपकरण बाळगणे आपल्या देशात गुन्हा आहे, आणि गोव्याच्याच विमानतळांवर त्यापायी परदेशी प्रवाशांवर कारवाई झालेली आहे. मोबाइलला आत रेंज नसेल असेच धरून चालावे आणि ढाणीतल्या माणसाला परतण्याची ठरलेली वेळ सांगून ठेवावी. ती वेळ टळली तर कोणाला कळवायचे, हेही त्याच्याशी बोलून ठेवावे.

पाणी थंडीतही माणशी चार ते पाच लिटर, सगळे पाठीवर. विहीर सापडली तर तिथे भरून घेऊ, हा विचार भरवशाच्या म्हशीला टोणगा होण्यासारखा आहे, कारण ज्या विहिरीच्या अस्तित्वाविषयीच शंका आहे तिच्या पाण्यावर परतीचा हिशेब मांडता येत नाही. रात्रीचा गारवा आपल्या कल्पनेपेक्षा जास्त असतो. दिवसभराचीच वाटचाल असली तरी एक जाड कपडा पिशवीत असू द्यावा.

दिशेसाठी फोन जरूर वापरावा, पण नकाशा आधीच उतरवून घ्यावा आणि सोबत साधे होकायंत्र ठेवावे. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक तिथे एका अंशाच्या आसपास आहे, म्हणून तो सोडून दिला तरी चालतो. चालताना होणारी पाच अंशांची चूक मात्र तीन किलोमीटरवर अडीचशे मीटरहून अधिक भरते. यावर भूमापकांची जुनी युक्ती अशी, की परतताना गाडीच्या दिशेने सरळ चालू नये. मुद्दाम थोडे एका बाजूला, समजा डावीकडे, रोखून चालावे. मग रस्ता लागला की गाडी उजव्या हातालाच आहे हे निश्चित असते. सरळ गाडीकडे रोखून चालणारा माणूस रस्त्यावर येतो आणि गाडी दिसली नाही, तर कोणत्या बाजूला वळायचे हे त्याला कळत नाही. याचा सराव जाण्यापूर्वी आपल्याकडच्या एखाद्या सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या पठारावर करावा. दिवाळीनंतर सडा उघडा पडतो, चहूकडे सारखाच दिसतो आणि वाट अशी नसतेच. तिथे चुकले तरी तासाभरात एखादी वस्ती लागते. फुरसे हा विषारी साप मात्र दोन्हीकडे आहे, म्हणून दगडाखाली किंवा झुडपात हात घालू नये.

पिनपाशी पोहोचल्यावरचा शोध गणित करूनच करावा. आकाश मोकळे असताना फोनचे जीपीएस साधारण पाच मीटरांत जागा दाखवते, त्यामुळे आपली जागा जवळजवळ अचूक आणि पिनची जागा संशयित, असे मानून तिच्याभोवती दीडशे मीटर त्रिज्येचे वर्तुळ धरावे. ते सुमारे सात हेक्टर भरते. तिघांनी तीस-तीस मीटर अंतर ठेवून समांतर चालले, तर एका फेरीत नव्वद मीटरचा पट्टा पाहून होतो आणि सगळे वर्तुळ आठशे मीटरच्या चालीत संपते. वळणे धरून तासाभराचे काम. त्रिज्या पाचशे मीटर केली, की क्षेत्र अठ्ठ्याहत्तर हेक्टरांवर जाते आणि तेच काम पावणेनऊ किलोमीटरचे होते. ‘अजून थोडे पुढे’ याची किंमत ही अशी आहे, म्हणून त्रिज्या घरीच ठरवावी आणि जागेवर वाढवू नये. वाळूच्या दोन टेकड्यांमधल्या खोलगट भागात दृष्टी फार पोहोचत नाही. तिथे एकाने माथ्यावर राहून इतर दोघांवर नजर ठेवावी.

शोधताना विहिरीच्या तोंडापेक्षा तिच्या खुणा शोधाव्यात. जुनी विहीर एकटी नसते. गुरांच्या पायवाटा एका जागी एकवटलेल्या दिसतात, चुन्याच्या गिलाव्याचे तुकडे असतात, खापरे असतात, आणि त्या मुलखात पाण्याच्या जागेपाशी उभा केलेला गोवर्धन, म्हणजे देवतांच्या आकृती कोरलेला दगडी खांब, बहुधा आढळतो. खांब दिसला आणि विहीर दिसली नाही, तर ती वाळूखाली बुजलेली असण्याचा संभव आहे. अशा वेळी पुढचे पाऊल जपून टाकावे, कारण कठडा ढासळलेल्या विहिरीच्या तोंडावर झुडपे आणि वाऱ्याने आणलेली वाळू साचून वरून सगळे घट्ट वाटते. काठीने चाचपल्याशिवाय कोणी पुढे जाऊ नये आणि तिघे एकाच जागी उभे राहू नयेत. खापरे असतील तिथेच ठेवावीत. पाणी असलेली बेरी सापडली, तर ती कोणाच्या तरी मालकीची आहे हे लक्षात ठेवून विचारल्याशिवाय दोरी सोडू नये.

काही सापडो वा न सापडो, नोंद तिथेच करावी: फोनवरील आकडे दिसतील असे एक छायाचित्र, त्याच जागेवरून चार दिशांची चार छायाचित्रे, वेळ, आणि किती त्रिज्येपर्यंत कसे पाहिले याचे दोन ओळींचे वर्णन. काहीच सापडले नाही, तर नकाशावर ‘अशी जागा अस्तित्वात नाही’ असे लिहून पिन काढायला सांगू नये, कारण एवढे आपण तपासलेले नसते. ‘दिलेल्या बिंदूपासून दीडशे मीटरच्या आत अमुक तारखेला आढळली नाही’ एवढेच लिहावे. कुंड किंवा वाडा निघाला तर नाव दुरुस्त करावे आणि आपले खरे छायाचित्र जोडावे. आणि खरोखरच जुनी कोरीव विहीर सापडली, तर पिन अचूक करण्याच्या आधी ढाणीतल्या लोकांना विचारावे, की ही जागा नकाशावर असणे त्यांना चालणार आहे का.